शेवट ठाऊक नसलेली भूमिका

एक साधा हिशेब मांडून बघा. जाहिराती वगळल्या तर मराठी मालिकेचा एक भाग साधारण २२ मिनिटांचा असतो. आठवड्याला सहा भाग धरले तर सव्वादोन तासांच्या आसपास होतात, म्हणजे दर आठवड्याला एक पूर्ण लांबीचा सिनेमा. ई टीव्ही मराठीवर २००१ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ २०१३ च्या जानेवारीत संपली, तेव्हा तिचे ३,००० हून जास्त भाग झाले होते. ते सगळे सलग बघायचे, झोपायचं नाही, जेवायलाही उठायचं नाही असं ठरवलं, तरी ४५ दिवस लागतील.

आणि या मालिकेतली सासू, आशालता देशमुख, कोणी उभी केली? रोहिणी हट्टंगडींनी. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, १९८२ च्या ‘गांधी’त कस्तुरबा झालेल्या आणि त्या भूमिकेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवलेल्या. १९८४ च्या ‘सारांश’मध्ये मुलगा गमावलेली वयस्क आई त्यांनी केली, तेव्हा त्या स्वतः ऐन तारुण्यात होत्या. त्याच सुमाराच्या ‘पार्टी’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इतक्या तयारीच्या नटीने रोजच्या मालिकेत का शिरावं, असं अनेकांना वाटतं. मला तर वाटतं, ही सगळी तयारी पणाला लागावी असं काम याहून दुसरं नाही.

आम्ही पवईकर या व्यवसायाच्या उंबऱ्यावरच राहतो. साकी विहार रोडवरून आत वळलं की चांदिवली स्टुडिओ. पवई तलावाच्या वरच्या अंगाला विहार तलाव, आणि त्या पाण्याच्या नि झाडीच्या पलीकडे गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी. हिरानंदानीतल्या उंच खांबांच्या इमारतींसमोर सुट्टीच्या दिवशी पहाटेच जनरेटरची गाडी आणि व्हॅनिटी येऊन उभ्या राहिल्या, तर इथे कोणी थांबूनही बघत नाही. पण याच परिसरात दुपारी जेवणं आटोपल्यावर, धुणंभांडी झाल्यावर घराघरांत टीव्ही लागतो, आणि पडद्यावरच्या बाईशी घरातली बाई चक्क बोलते. ‘अगं, सांगून टाक की त्याला!’ ही दुपार कशी घडली, हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात शिकागोच्या रेडिओवर झाली. १९३० मध्ये अर्ना फिलिप्स नावाच्या लेखिकेने रोज थोडीथोडी पुढे सरकणारी एक कौटुंबिक श्रुतिका लिहिली. घरकामाच्या वेळी बायका रेडिओ ऐकतात, साबण त्याच विकत घेतात, हे साबण कंपन्यांनी ओळखलं आणि त्या पैसे घेऊन पुढे आल्या. १९५६ मध्ये फिलिप्सबाईंनीच अमेरिकेच्या टीव्हीवर ‘अॅज द वर्ल्ड टर्न्स’ आणली. ती १९७५ पर्यंत थेट प्रक्षेपित होत असे. रोज दुपारी, चूक झाली तर झाली, रिटेक नाही! त्या मालिकेत हेलन वॅगनर या अभिनेत्रीने पहिल्या दिवशी केलेली भूमिका २०१० पर्यंत केली. चोपन्न वर्षं, मध्ये थोडा खंड पडला तेवढाच. माणसाचा संसार तरी इतका टिकतो का?

आपल्याकडे हे बीज एका मराठी माणसाने आणलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. वर्ध्याचे खासदार आणि तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे १९८२ मध्ये मेक्सिकोला गेले होते. कुटुंबनियोजन, साक्षरता असे विषय तिथे मालिकांमधून लोकांपर्यंत पोचवले जात होते. ते बघून आल्यावर जो विचार सुरू झाला, त्यातून १९८४ मध्ये ‘हमलोग’ आली. पुढे १९९४ मध्ये ‘शांती’ने दूरदर्शनवरची दुपार काबीज केली. आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सह्याद्रीवर कांचन अधिकारी यांच्या दिग्दर्शनात ‘दामिनी’ आली. मराठीतली ही पहिली दैनंदिन मालिका. दामिनी झाल्या होत्या प्रतीक्षा लोणकर.

इथे जरा थांबायला हवं. शांती एका बड्या घराण्याचा भूतकाळ खणून काढणारी पत्रकार. दामिनी हीसुद्धा पत्रकार. घरात अडकलेल्या बाईच्या दुपारी, तिच्यासाठी म्हणून जी नायिका घडवली, ती दोन्ही वेळा बाहेर पडून प्रश्न विचारणारी निघाली. मला हे विलक्षण वाटतं. प्रतीक्षा लोणकर औरंगाबादच्या, ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेत घडलेल्या. त्यामुळे दामिनीला रंगभूमीवरची शिस्त आणि स्वच्छ वाणी आयतीच लाभली. पुढे २००५ च्या ‘इक्बाल’मध्ये मुक्या-बहिऱ्या गोलंदाजाची आई त्यांनी केली. ती आई, नवऱ्याच्या नकळत मुलाच्या पाठीशी उभी राहणारी, फारसं काही न बोलता लक्षात राहते. रोज कॅमेऱ्यासमोर दुसऱ्याचं ऐकण्याची सवय झालेल्या नटीलाच ते जमतं, असं माझं मत आहे.

आता सेटवर चला. बाहेरून पाहिलं तर गोदाम. आत गेलं की दिवाणखाना, देवघर, स्वयंपाकघर, जिना, पण वर छत नाही. छताच्या जागी दिवे टांगलेले. जिना चढून नायिका खोलीत जाते असं आपल्याला दिसतं. प्रत्यक्षात जिना फळ्यांशी संपतो आणि खोली गोदामाच्या दुसऱ्या टोकाला असते. दिवाणखान्यात दिवे लावायला वेळ जातो, म्हणून एकदा लावले की दिवाणखान्यातले सगळे सीन एका दमात उरकायचे, मग ते चार वेगवेगळ्या भागांमधले का असेनात. म्हणजे सकाळी नऊला मुलगी घर सोडून गेल्याचं रडायचं, अकराला तिच्या साखरपुड्याची तयारी करायची, आणि जेवणानंतर ती परत आल्याचा राग काढायचा. आपल्याला सरळ दिसणारं आयुष्य तिने असं उलटंपालटं जगलेलं असतं. आपण कुठल्या दुःखाच्या आधी आहोत आणि कुठल्या दुःखानंतर, एवढं तिला स्वतःलाच लक्षात ठेवावं लागतं.

साडीचं, टिकलीचं, मंगळसूत्राचं लक्ष सहायक दिग्दर्शक ठेवतो. त्याच्या मोबाइलमध्ये प्रत्येक सीनचे फोटो असतात. पदर कुठल्या खांद्यावर किती, कपात चहा किती उरला, केसांची बट कानामागे होती की पुढे. याला सेटवर कंटिन्युइटी म्हणतात. पण आवाजाच्या थरथरीचा फोटो निघत नाही. अख्खा सीन टिपणाऱ्या मास्टर शॉटमध्ये ‘तुम्ही मला विचारलंत का?’ हे वाक्य जितकं दाबून म्हटलं, तितकंच दाबून ते तासाभराने क्लोजअपमध्ये म्हणायचं. तोवर समोरचा नट कधी कधी पॅकअप करून घरी गेलेला असतो, आणि त्याची वाक्यं कोणी तरी सहायक कागद बघून सपाट आवाजात वाचत असतो. नटी त्या रिकाम्या जागेकडे, कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या मुठीकडे बघते आणि तिचे डोळे भरून येतात. तिच्या त्या डोळ्यांवर विश्वास ठेवून आपण इथे पवईत पदर डोळ्यांना लावतो.

इतके संवाद पाठ होतात कसे? ते कधी आदल्या रात्री येतात, कधी मेकअपदादा टिकली लावत असताना. याचा अभ्यास हेल्गा आणि टोनी नॉइस या अमेरिकन जोडप्याने केला. ती मानसशास्त्रज्ञ, तो नट. त्यांना आढळलं की कसलेले नट घोकंपट्टी करतच नाहीत. हे पात्र या क्षणी समोरच्याकडून काय मिळवू बघतंय, हे ते शोधतात. धमकावतंय, मनधरणी करतंय, की वेळ मारून नेतंय? हेतू सापडला की शब्द त्याला धरून येतात. शिवाय बोलताना केलेली हालचाल आठवणीला बळ देते. म्हणजे सूनबाई भाजी निवडता निवडता बोलते ते दिग्दर्शकाच्या सोयीचं तर असतंच, पण तिच्या स्मरणालाही त्याचा आधार मिळतो. लहानपणी पाढे फेऱ्या मारत पाठ करायला लावणाऱ्या आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं की काय, कोण जाणे.

पण या कामातलं सगळ्यात अद्भुत मला आणखी वेगळंच वाटतं. नाटकातल्या नटाला तिसऱ्या अंकात काय होणार ते पहिल्या तालमीपासून माहीत असतं. सिनेमातला नट सहसा पटकथा शेवटपर्यंत वाचून मगच होकार देतो. मालिकेतल्या नटीला मात्र शेवट कोणीच सांगू शकत नाही, कारण तो लिहिलेलाच नसतो. ‘आई कुठे काय करते!’ घ्या. २०१९ च्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर ती सुरू झाली, तेव्हा मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती स्वयंपाकघरात वावरणारी, सगळ्यांच्या वेळा सांभाळणारी, स्वतःचं नाव विसरत चाललेली आई होती. मग नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण, घटस्फोट, पुन्हा हाती लागलेलं गाणं, मुलं मोठी झाल्यावर केलेलं दुसरं लग्न, आणि त्यानंतरचं वैधव्य. टाळेबंदीनंतर नवऱ्याच्या आयुष्यात आलेल्या संजनाच्या भूमिकेत दीपाली पानसरेंच्या जागी रूपाली भोसले आल्या, म्हणजे समोरची सवत चेहऱ्यासकट बदलली. २०२४ मध्ये मालिका संध्याकाळच्या वेळेवरून दुपारी अडीचला गेली आणि नोव्हेंबरअखेर संपली. जवळजवळ पाच वर्षं.

पहिल्या भागातल्या त्या दबलेल्या बाईत पुढे घर सोडून निघणारी बाई लपलेली असायला हवी होती. ती पेरायची कशी, जेव्हा ती निघणार की नाही हेच माहीत नाही? इथे नटी एकच करू शकते. पात्राला कधी पूर्ण बंद करायचं नाही. सोसतानाही डोळ्यांत थोडी शंका जागी ठेवायची, चिडतानाही थोडी माया. लेखक उद्या तिला कुठल्याही वळणावर नेऊ देत, आत कुठे तरी त्याचं बी असेल. आपणही असेच जगतो, पुढचा भाग न वाचता. म्हणूनच ती आपल्याला घरातली वाटते.

१९५६ मध्येच, योगायोगाने ‘अॅज द वर्ल्ड टर्न्स’ आली त्याच वर्षी, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं जडणारं एकतर्फी नातं उलगडून दाखवलं. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, जवळून दिसणारा चेहरा मनाला ओळखीचाच वाटू लागतो. हे भोळेपण नव्हे, माणसं ओळखण्याची आपली रीतच तशी आहे. शेजारच्या काकू तरी आपल्याला याहून जास्त कुठे दिसतात?

हे नातं किती खोल असतं ते २०२० मध्ये कळलं. मार्चमध्ये चित्रीकरण थांबलं, आणि पुन्हा परवानगी देताना राज्य सरकारने ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मज्जाव केला. काळजी खरी होती. पण घराघरातल्या आज्या, सासवा, मावश्या एका फटक्यात गायब झाल्या, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या वयस्क कलाकारांची चूल विझली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. आज्या परतल्या. सिनेमात स्त्रीला चाळिशीनंतर काम मिळणं मुश्किल. मालिकेत मात्र सत्तरीतली बाईसुद्धा अख्खं घर हलवते. रोहिणी हट्टंगडी ‘चार दिवस सासूचे’ संपल्यावर त्याच वर्षी, २०१३ मध्ये, ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये आईआजी होऊन आल्या.

आज दुपारी मालिका लागली की एक करून बघा. आवाज बंद करा आणि बोलणाऱ्याकडे मुळीच बघू नका. ऐकणारीकडे बघा. तिचा श्वास कुठे अडतो, हातातली वाटी ती कधी खाली ठेवते, नजर दाराकडे कधी जाते. एखादी नवखी असेल तर आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघताना दिसेल. जुनी जाणती असेल, तर समोरच्याचं वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असेल.