केडगाव, जामखेड, चिखली : चर्च, सेवा आणि सरकार

महाराष्ट्रात कायद्याच्या नजरेत चर्च हे देऊळ, मठ, सिनेगॉग आणि अग्यारी यांच्याच रांगेत बसते. १९५० साली झालेल्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने ही सारी प्रार्थनास्थळे ‘सार्वजनिक न्यास’ या एका संज्ञेखाली आणली. हाच कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. मुंबईतले जुने दगडी चर्च असो की पिंपरी-चिंचवडच्या चिखलीसारख्या कामगार वस्तीत रविवारी भाड्याच्या खोलीत भरणारी उपासना, मंडळीने न्यास स्थापून जागा घेतली, देणग्या गोळा केल्या, की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची पायरी चढावीच लागते. न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणी, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, दरवर्षी लेखापरीक्षण आणि स्थावर मालमत्ता विकण्याआधी आयुक्तांची परवानगी, असा हा क्रम आहे. यातली शेवटची अट विशेष महत्त्वाची. मिशनच्या काळात मिळालेल्या जमिनींचे भाव शहरे वाढली तसे वाढले. त्या जमिनी मूठभर विश्वस्तांनी परस्पर विकू नयेत याची राखण हीच अट करते.

सरकारने धर्मसंस्थेच्या कारभारात कुठवर शिरावे, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली रतिलाल गांधी खटल्यात दिला. खटला मुंबई राज्यातला, याच कायद्याविरुद्धचा. मालमत्तेच्या कारभारावर नियम घालण्याचा अधिकार सरकारला आहे, पण कारभारच संस्थेच्या हातून काढून दुसऱ्याकडे सोपवता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि धार्मिक न्यासावर धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली. म्हणजे उपासना संस्थेची आणि हिशेबावरची नजर सरकारची. या दोहोंच्या मधली जागा सेवेची. कायद्याच्या नवव्या कलमात धर्मादाय हेतूंमध्ये गरिबी व संकट यांचे निवारण, शिक्षण आणि वैद्यकीय मदत येते, पण केवळ धर्मशिक्षण किंवा पूजा-उपासनेपुरता मर्यादित हेतू येत नाही. सेवेच्या या जागेवर सरकारचा आणि धर्मसंस्थेचा दोघांचाही हक्क असल्यामुळे सहकार्यही तिथेच होते आणि खटकेही तिथेच उडतात.

पुणे जिल्ह्यात याचे सर्वात बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर साक्ष देताना त्यांनी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. तेव्हा त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला नव्हता. १८८९ साली त्यांनी मुंबईत सुरू केलेली शारदा सदन ही विधवा व मुलींची शाळा पुढच्याच वर्षी पुण्याला आली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग पसरला होता आणि सरकारने निर्बंध लादले होते. इतक्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर हलवण्यात आले. तिथेच मुक्ती मिशन उभे राहिले.

रमाबाईंना सरकारशी वैर नको होते, पण गप्पही बसायचे नव्हते. मे १८९७ मध्ये त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्राला लिहून पुण्याच्या प्लेग छावणीत स्त्रियांची हेळसांड होते, त्यांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, असा जाहीर आरोप केला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तो फेटाळून लावला. परदेशी मिशनऱ्यांशी ज्यांचा रोजचा संबंध आणि राज्यकर्त्यांच्याच धर्माच्या ज्या अनुयायी, त्या बाईंनी राज्यकर्त्यांना धारेवर धरावे, हे त्या काळात सोपे नव्हते. पुढे १९१९ साली त्याच सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. सेवाभावी संस्थेने सरकारशी कसे वागावे याचा नमुना शोधायचा, तर पदकापेक्षा ते पत्र आधी वाचावे.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा प्रयोग अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि त्याच जिल्ह्यातल्या वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करू लागले. तिथे त्यांच्या लक्षात आले, की बरे होऊन घरी गेलेले रुग्ण तोच आजार घेऊन परत येतात, कारण आजाराचे मूळ गावातच असते. १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केले. आधी प्रशिक्षित परिचारिका गावोगाव ठेवून पाहिल्या. त्या गावात टिकेनात. मग त्याच गावातल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवण्यात आले. गरोदर बाईची तपासणी, बाळाचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी ही कामे त्या करू लागल्या. दुष्काळात हातपंप खोदायचे ठरले तेव्हा ते दलित वस्तीत बसवले गेले, त्यामुळे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत हजारी १७६ अर्भके दगावत होती. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडचे प्रकरण आहे. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचे धोरण ठरवले, त्यामागे अशा प्रयोगांचा अनुभव होता. देशभर २००५ नंतर नेमल्या गेलेल्या ‘आशा’ ताई त्याच कल्पनेच्या वाटेवरच्या आहेत. धर्मश्रद्धेतून उभ्या राहिलेल्या छोट्या संस्थेने आधी करून दाखवावे आणि मग सरकारने ते राज्यभर न्यावे, हा सहकार्याचा सर्वात फलदायी प्रकार म्हणावा लागेल. सरकारला गावोगाव पोहोचण्याचे बळ असते, चुकत शिकण्याची मोकळीक मात्र छोट्या संस्थेलाच असते.

आता चिखली. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि कुदळवाडी, जाधववाडी, म्हेत्रे वस्ती पाहता पाहता भरत गेल्या. महापालिकेच्या घरकुल इमारतीही इथेच आहेत. इथल्या कारखान्यांत राबणाऱ्यांमध्ये अहिल्यानगर, सोलापूर, मराठवाडा इथून आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, तशीच केरळ-तमिळनाडूची आहेत. अशा वस्तीत चर्चचे काम मोठ्या इमारतीतून होत नाही. पाळक आणि मंडळीतले चार जाणते लोक रुग्णालयात सोबत जातात, दाखल्यांसाठी रांगेत उभे राहतात, शाळाप्रवेशाचे कागद जमवतात. यातला एक दाखला तर मराठी ख्रिस्ती समाजाच्या जुन्या दुखण्याचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या जातीच्या सवलती मिळत नाहीत. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या आदेशात घेतले गेले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. राज्यात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. त्या दाखल्यासाठी आजोबांच्या काळातली नोंद शोधावी लागते, आणि कित्येकदा चर्चची बाप्तिस्म्याची वही तिथे कामी येते.

रुग्णालयाच्या बाबतीत प्रत्येक रहिवाशाला, तो कोणत्याही धर्माचा असो, उपयोगी पडणारी तरतूद म्हणजे याच सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाचे ‘४१ कक’ हे कलम. न्यासाच्या नावे करसवलत वा इतर सरकारी मदत घेणाऱ्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची योजना मंजूर केली. बिलाच्या रकमेतले दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार अशी ठरली आहे. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणे बंधनकारक आहे. मिशनचे रुग्णालय असो वा उद्योगसमूहाच्या न्यासाचे, नियम एकच. मात्र तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड हाताशी नसेल तर हक्क कागदावरच राहतो. म्हणून शेजारच्या मंडळीने, भजनी मंडळाने किंवा मशिदीच्या कमिटीने हे कागद आधीच करून ठेवायला लावणे, हीसुद्धा मोठी सेवा ठरते.

पैशाच्या वाटा अलीकडे बदलल्या आहेत. पूर्वी मोठ्या मिशन संस्थेकडे परदेशातून आलेली मदत लहान संस्थांत वाटली जाई. परदेशी निधीविषयक कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने असे पुढे देणे बंद झाले, आणि परदेशी निधीचे मूळ खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच असावे असे ठरले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. त्याचा खरा फटका वस्तीतल्या लहान कामांना बसला. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांकडून मिळणारा सामाजिक दायित्वाचा निधी हा दुसरा मार्ग. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के त्यासाठी खर्चावे लागतात. आरोग्य, शिक्षण, स्वच्छता यांना हा निधी मिळतो, उपासनेला मिळत नाही. संस्थेची केंद्रीय कंपनी मंत्रालयाकडे नोंद लागते, आणि ती कंपनीने किंवा सरकारने स्वतः स्थापलेली नसेल तर तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही. त्यामुळे अनेक मंडळ्या उपासनेचा न्यास आणि सेवेची संस्था अशा दोन वेगळ्या नोंदण्या करतात, दोन खाती ठेवतात आणि रविवारचे दानार्पण सेवेच्या खात्यात मिसळू देत नाहीत.