धारेचा टेकू

बेंच ग्राइंडरबरोबर येणारा टूल रेस्ट म्हणजे वाकवलेली लोखंडी पट्टी आणि एक बोल्ट. छिन्नी टेकवायला ती पुरते, लेथच्या टूलला पुरत नाही. १० मिलिमीटर चौरस एचएसएसचा तुकडा तिच्यावर धरून पुढची बाजू घासायला गेलं की मनगट हलतं, कोन सरकतो आणि एका सपाट बाजूऐवजी तीन-चार पैलू पडतात. असं टूल जॉबला लावलं की धारेखालचा भाग नुसता घासत राहतो. मुरलेला टर्नर रेस्टकडे बघतही नाही, कारण तो दिवसातून कितीदा तरी ग्राइंडरपाशी जातो आणि कोन त्याच्या हातात बसलेला असतो. सुट्टीच्या दिवशी लेथ चालू करणाऱ्याच्या हातात तो टिकत नाही.

म्हणून कोन लोखंडानंच धरून ठेवायचा. इंग्लंडमधल्या हौशी मंडळींनी यात फार पुढची मजल मारली आहे. लफबरोचे प्राध्यापक चॅडॉक यांनी आखलेला ‘क्वॉर्न’ हा टूल अँड कटर ग्राइंडर घरच्या लेथवर बनवता येतो. पण तो करायला घेतला की वाफेचं इंजिन बाजूला राहतं आणि ग्राइंडरच छंद होऊन बसतो. मला फक्त कलणारं टेबल हवं होतं.

सामान बोहरी आळीतून आणि भंगारातून जमलं: टेबलासाठी ८ मिलिमीटर जाड एमएस प्लेट, साधारण ७५ बाय १००, तळासाठी १० ची, बाजूच्या कानांसाठी २५ बाय ६ ची पट्टी. कापणं, कानस मारणं यात सांगण्यासारखं काही नाही. दोन्ही कान मात्र एकत्र आवळून एकदमच भोक पाडावं, नाहीतर टेबल तिरकं बसतं. एम८ चे आटे पाडायचे असतील तर ६.८ चं ड्रिल.

खरा प्रश्न बिजागरीच्या जागेचा. सहज सुचतं ते असं, की टेबलाच्या पुढच्या कडेखाली एक आडवा बोल्ट घ्यायचा, झालं. कागदावर मांडून पाहिलं तर तो बोल्ट टेबलाच्या पृष्ठापासून ४० मिलिमीटर खाली येत होता. पुढच्या क्लिअरन्ससाठी व्हीलकडची कड वर आणि आपल्याकडची खाली, असं टेबल १० अंश कलवायचं असतं. बोल्ट इतका खाली असेल तर कलताना ती कड व्हीलपासून जवळजवळ ७ मिलिमीटर मागे सरकते. रेस्ट आणि व्हीलमधली फट ३ मिलिमीटरच्या आत असावी, असा दंडक आहे. तो कागदी नाही. रुंद फटीत लहान टूल खाली ओढलं जातं, आणि त्यामागोमाग बोटं. म्हणजे दर वेळी कोन बदलला की सगळा तळ पुढे ढकलत बसायचं.

उपाय म्हणजे कान टेबलाच्या खाली न लावता बाजूंना लावायचे आणि बोल्टाची रेषा थेट टेबलाच्या पृष्ठाला आणायची. व्हील जेमतेम २० मिलिमीटर रुंद, त्यामुळे ७५ च्या टेबलाचे कान त्याला लागत नाहीत. मोटरचं अंग आड येऊ नये म्हणून बोल्ट कडेपासून १५ मिलिमीटर मागे घेतला. मागे घेणं फार स्वस्त पडतं: १० अंशांना फट पाव मिलिमीटरनंही बदलत नाही, कड फक्त २.६ मिलिमीटर वर चढते. खाली नेण्याची किंमत साईननं मोजावी लागते, मागे नेण्याची एकातून कोसाईन वजा करून. शाळेत त्रिकोणमितीचा कंटाळा केलेल्यांनी हे टेबल एकदा बनवून पाहावं.

त्या २.६ मिलिमीटरचाही परिणाम होतोच. १५० मिलिमीटरच्या व्हीलवर मध्यरेषेच्या तेवढं वर घासलं की क्लिअरन्स सुमारे २ अंशांनी वाढतो, १० चा १२ होतो. एमएस कापताना यानं काही बिघडत नाही. अंशाअंशासाठी जीव टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. कोन कोणताही असो, पुढच्या वेळी तोच आला की झालं. त्यासाठी पत्र्याच्या पाचरी कापून ठेवल्या आहेत: १०० मिलिमीटर लांबीला १७.६ उंची म्हणजे १० अंश, १४.१ म्हणजे ८. टेबल आणि तळ यांच्यामध्ये पाचर ठेवायची, बोल्ट आवळायचा. हे सगळं व्हील पूर्ण थांबल्यावर.

टूल डावी-उजवीकडे नेण्यासाठी एक सरकती पट्टी आहे. ती टेबलाच्या मागच्या कडेला धरून चालते, म्हणून मिलिंग करून खाच पाडावी लागली नाही. कड तेवढी सरळ हवी. गुण्या लावून कानस मारण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथेच.

घासताना आता जोर लावावा लागत नाही. ठिणग्यांची रेघ धारेपर्यंत पोचली की थांबायचं. एचएसएस सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत कडकपणा धरून राहतं, त्यामुळे निळसर झालं म्हणून टूल वाया जात नाही. बोटं मात्र त्याच्या कितीतरी आधी हार मानतात. गोल व्हीलमुळे १० मिलिमीटरच्या बाजूवर साधारण ०.१७ मिलिमीटरचा खोलगटपणा राहतो. तो चांगलाच. नंतर सहाणेवर फक्त वरची आणि खालची कड टेकते, आणि दोन-चार हातांत धार लागते. पुढच्या वेळी पाचर तीच असली तर केसभर धातू घासला तरी भागतं.

ग्राइंडरच्या दुसऱ्या व्हीलवर मूळची पट्टी तशीच आहे. पंच, छिन्न्या आणि शेजाऱ्यांचे स्क्रू-ड्रायव्हर तिकडे.