कॅम्पर उतरवा, पिकअपला कमवू द्या!

पिकअपवर घरच्या घरी कॅम्पर बनवताय? मग तो गाडीला वेल्ड करू नका. सुटा बॉक्स बनवलात, तर शनिवार-रविवार कॅम्पर आणि बाकीचे दिवस त्याच गाडीवर भाडं मारता येतं. पण चढवायला दर वेळी क्रेन बोलावली, तर नफा तिथेच संपला! स्वस्तातले ३ मार्ग बघा.

१) चार जॅक: चार कोपऱ्यांना जॅकचे पाय लावा. समोरासमोरच्या पायांमध्ये गाडीच्या रुंदीपेक्षा जास्त अंतर हवं. बॉक्स उचला, गाडी रिव्हर्सने खाली घ्या आणि प्रत्येक कोपरा थोडा थोडा करत बॉक्स टेकवा.

२) चेन पुली: शेडचा गर्डर भक्कम असेल तरच. पट्टे तळाच्या फ्रेमला बांधा, छताला नको.

३) ओटा आणि पाइप: हौद्याच्या उंचीचा ओटा बांधा, लोखंडी पाइपांवरून बॉक्स सरकवा. वजन येताच गाडीचे पाटे दबतात, म्हणून मागे हौद्याखाली टेकू द्या.

जागा बदलत राहणार असाल तर जॅक, एकाच ठिकाणी काम असेल तर ओटा.

हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. उचललेल्या बॉक्सखाली कोणीही जायचं नाही. बॉक्स आणि सामान मिळून वजन गाडीच्या क्षमतेत बसलं पाहिजे.

जॅकचा जोर फ्रेमवरच येतो, म्हणून चढवायची पद्धत आधी ठरवा, बॉक्स नंतर बनवा. आजच हौद्याची लांबी, रुंदी, उंची मोजून वहीत लिहा!