परवलीच्या शब्दाची नवी राखण

इस्पितळांतील रोग्यांच्या नोंदी असोत, पेढीचीं खातीं असोत वा ग्रंथालयाची यादी असो. हल्लीं हें सारें संगणकाच्या ज्या कोठारांत राहतें त्यास डेटाबेस म्हणतात. कोठाराच्या दाराशीं येणाऱ्यानें आपलें नांव व पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, सांगावयाचा असतो. तो खरा कीं खोटा हें दारवान कसें ओळखतो, आणि ओळखण्याची ही रीत बदलावयाची झाल्यास काय करावें लागतें, याचा आज विचार करूं. उदाहरण पोस्टग्रेस या सर्वांना विनामूल्य मिळणाऱ्या डेटाबेसचें घेऊं.

शहाणा दारवान परवलीचा शब्द जसाच्या तसा लिहून ठेवीत नाहीं. तो गणिताच्या जात्यांत दळून जें पीठ निघतें, तेवढेंच वहींत ठेवितो. पिठाचा पुनः दाणा होत नाहीं, हेंच त्यांतील मर्म. पोस्टग्रेसमध्यें पुष्कळ वर्षें हें दळण एम्‌डी-५ या रीतीनें होत असे. अमेरिकन शास्त्रज्ञ रोनाल्ड रिव्हेस्ट यांनीं ती १९९१ सालीं रचिली.

या व्यवस्थेंत दोन उणिवा होत्या. पहिली ही कीं, हें जातें फारच वेगानें फिरतें. वही हातीं लागलेला चोर क्षणांत लक्षावधि शब्द दळून पाहतो. दुसरी अधिक घातक. दारवान दर वेळीं एक नवा आकडा देई आणि येणाऱ्यानें तो पिठांत कालवून उत्तर द्यावें, अशी पद्धत होती. मग ज्याच्याजवळ चोरलेलें पीठ आहे, त्याला मूळ दाण्याची गरजच काय? वही गेली कीं किल्लीच गेली!

यावर उपाय म्हणून २०१७ सालीं पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तींत स्क्रॅम ही रीत आली. हींत प्रत्येक शब्दांत यदृच्छेनें निवडलेलें निराळें ‘मीठ’ मिसळतात व साधारणतः ४०९६ वेळां दळण करतात. खऱ्या माणसाला हा विलंब जाणवत नाहीं. असंख्य शब्द चाचपणाऱ्या चोराला मात्र तो जड जातो. शिवाय वहींत जें उरतें त्यानें दुसऱ्याचें उत्तर तपासतां येतें, पण स्वतः उत्तर देतां येत नाहीं. दारवानालाही येणाऱ्यास आपला खरेपणा पटवून द्यावा लागतो.

मग सर्वांना एका रात्रींत नव्या रीतीवर कां आणीत नाहींत? पिठाचा दाणा होत नाहीं, म्हणूनच! जुन्या पिठावरून नवी नोंद व्यवस्थापकालाही करतां येत नाहीं. आवृत्ति नवी बसविली तरी जुन्या नोंदी जुन्याच राहतात. प्रत्येकाचा शब्द नव्यानें नोंदवावाच लागतो.

यास्तव क्रम असा ठेवावा. डेटाबेसशीं बोलणाऱ्या सर्व प्रणालींना स्क्रॅम समजतें कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. नंतर नवे शब्द स्क्रॅमनें दळण्याची आज्ञा सर्व्हरला द्यावी व एकेकाचा शब्द नव्यानें नोंदवावा. तोंवर दारावरील नियम एम्‌डी-५ चाच असूं द्यावा. ज्याची नोंद नवी झाली, त्याच्याशीं पोस्टग्रेस त्या नियमाखालींही स्क्रॅमनेंच व्यवहार करतें. जुन्या नोंदीच्या आरंभीं ‘एम्‌डी-५’ हीं अक्षरें असतात. त्यावरून कोण मागें राहिलें तें कळतें. अशी शेवटची नोंद संपली म्हणजे नियम बदलावा. आधींच बदलला तर मागें राहिलेले दाराबाहेर अडकतील.

२०२१ सालच्या चौदाव्या आवृत्तीपासून स्क्रॅम हीच मूळची रीत झाली, आणि २०२५ सालच्या अठराव्या आवृत्तीनें जुनी रीत पुढें काढून टाकली जाईल, असा इशारा दिला आहे.

तेव्हां कचेरींतून पासवर्ड पुनः नोंदविण्याची सूचना आली, तर ती खरी असल्याची खात्री करून घ्यावी. पण खरी असल्यास आळस करूं नये. आणि शब्दही जपून निवडावा. ‘१२३४५६’ हा दाणा कितीही वेळां दळला, तरी चोर तो पहिल्याच मुठींत ओळखतो.