गोळी, तलाव आणि पदक

संकटाने माणूस घडतो, असं आपण सर्रास म्हणतो. पण तो घडतो नेमका कसा?

सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून त्यांना पोहायला लावलं गेलं. पाण्यात शरीराचा बराचसा भार पाणीच पेलतं. पुढे रेटायचं काम खांदे आणि हात करू शकतात. बॉक्सरचे खांदे, दमसास आणि सरावाची शिस्त पेटकरांकडे आधीपासूनच होती. गोळीने यातलं काहीच दिलं नाही. तिने फक्त जुनी वाट बंद केली, आणि होती ती ताकद दुसरीकडे वळवणं भाग पडलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी मिळवलं, वेळ ३७.३३ सेकंद.

अशा कथांत एक गोष्ट हमखास गळते: आधार. रुग्णालयात तलावाची वाट दाखवणारं कुणी होतं, पुढे क्रिकेटपटू विजय मर्चंट पाठीशी उभे राहिले. तेवढीच जिद्द असूनही हा आधार न मिळालेले कितीतरी जण असतील. त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत. खुद्द पेटकरांनाही पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं.