शेतकऱ्यांची बँक

बँकेची इमारत म्हटली की रोमन थाटाचे दगडी खांब हवेतच, अशी अमेरिकेत एके काळी रीत होती. मिनेसोटा राज्यातल्या ओवाटोना या छोट्या गावाने ती मोडली. हे स्टील काउंटीचे मुख्य ठिकाण. इथल्या गवताळ माळावर नांगर फिरला आणि गहू आला. पण एकाच पिकाने जमिनीचा कस उतरला, तेव्हा शेतकरी दूधदुभत्याकडे वळले.

त्यांच्यासाठी कार्ल बेनेट या बँकरने शिकागोचे नामवंत वास्तुकार लुई सलिव्हन यांच्याकडून नवी इमारत बांधून घेतली. ती १९०८ मध्ये पुरी झाली. लाल विटांची भक्कम चौकोनी वास्तू, रस्त्याकडच्या दोन्ही बाजूंना भव्य कमानी आणि त्यांत रंगीत काचा. आत भिंतींवर गायींची आणि सुगीची चित्रे. पैसे ठेवायला आलेल्या शेतकऱ्याला समोर आपलेच जग दिसे.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र शेतमालाचे भाव कोसळले, कर्जे थकली आणि १९२६ मध्ये बँक बुडाली. सलिव्हन त्याआधीच, १९२४ मध्ये, हलाखीत वारले होते. वास्तू तेवढी टिकली. १९७६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. शेतमालाला भाव असेल तरच शेतकऱ्याची बँक तगते, एवढे ती आजही सांगते.