तैनाती फौजेचं बिल

ग्रीनलंडचा विषय समजून घ्यायला मला मैलापूरच्या घरातून फार लांब जावं लागत नाही. सँथोमवरून मरिनाच्या रस्त्यानं उत्तरेला निघालं की चेपॉकचा महाल लागतो. अर्काटचा नवाब महंमद अली इथं राहायला आला, तो इंग्रजांच्या किल्ल्याच्या सावलीत. लक्षात घ्या, तो कंपनीचा शत्रू नव्हता, दोस्त होता.

दोस्तीचा हिशेब असा : पलटण कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च नवाबाचा. पैसे थकले की कर्ज काढायचं, तेही कंपनीच्याच नोकरदारांकडून, आणि त्यापोटी जिल्ह्यांचा वसूल लावून द्यायचा. १८०१ मध्ये सगळं कर्नाटक कंपनीच्या ताब्यात गेलं. नवाबाच्या घराण्याला पदवी आणि पेन्शन उरली.

तंजावरच्या भोसल्यांचं याहून चमत्कारिक. १७७३ मध्ये नवाबासाठी कंपनीनंच तंजावर जिंकलं, १७७६ मध्ये तुळजाजीराजांना परत दिलं. पण किल्ल्यात आपली शिबंदी ठेवून! १७९९ च्या तहात सरफोजीराजांनी राज्यकारभारच सोडला. त्यांनी जोपासलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आपण कौतुकानं बघतो. राजाला ग्रंथांसाठी इतका वेळ कसा मिळाला, याचं अर्धं उत्तर त्या तहात आहे.

३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह तर शाळेतच शिकलोय. सहा हजार पायदळ, आणि त्याच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचा मुलूख. बाजीरावसाहेबांना मे १८०३ मध्ये पुण्याची गादी परत मिळाली. पण इतर दरबारांशी बोलणी कंपनीला विचारूनच करायची होती. मला विचाराल तर सहा हजार बंदुकांपेक्षा हे कलम जड होतं.

आता ग्रीनलंड. १९४६ मध्ये अमेरिकेनं ते दहा कोटी डॉलरच्या सोन्याला मागितलं. डेन्मार्कनं दिलं नाही. मग १९५१ चा संरक्षण करार झाला. त्यात डेन्मार्कचं सार्वभौमत्व अबाधित ठेवलंय, पण मुदत वर्षांत नाही. नाटो आहे तोवर करार आहे. शीतयुद्धात तिथं अमेरिकेचे बरेच तळ होते, आज पिटुफिक हा एकच. म्हणजे संरक्षणासाठी सैन्य वाढवायचं तर डेन्मार्कशी बोलून वाढवता येतं. तरी ट्रम्प मालकीच मागतात.

इथंच वसईशी फरक पडतो. अमेरिकी फौजेचं बिल डेन्मार्कच्या नावावर चढत नाही. थकबाकीच नाही, तर तिच्यापोटी मुलूख कसा मागणार? कंपनीला जे हिशेबाच्या वहीत गुपचूप करता आलं, ते ट्रम्पना उघड बोलून मागावं लागतंय.

आपल्याकडे २०१६ मध्ये अमेरिकेशी रसदपुरवठ्याचा करार झाला, तेव्हाही काहींना तैनाती फौज आठवली. पण त्यात कायमचा तळ नाही. इंधन घ्या, पैसे द्या. ऑगस्ट २०२२ मध्ये इथंच, चेन्नईच्या उत्तरेला कट्टुपल्लीच्या गोदीत, अमेरिकी नौदलाचं ‘चार्ल्स ड्रू’ जहाज दुरुस्तीला आलं. ती वेगळ्या व्यवस्थेतली दुरुस्ती, पण बिल त्यांच्या नावावर होतं. काम झालं आणि जहाज निघून गेलं.